दगड उलटून ओढा वाचावा कसा : बेळगाव-खानापूर भागासाठी

राकसकोपच्या वरच्या अंगाला, मार्कंडेय नदीच्या पात्रात परात घेऊन बसलो होतो. म्हशी धुवायला आलेले एक काका बराच वेळ बघत उभे राहिले. शेवटी त्यांना राहवेना. "मासं न्हाईत, खेकडं न्हाईत, मग काय बघायलाय ओ?" परातीतला एक चपटा, तीन शेपट्यांचा किडा त्यांना दाखवला. "ह्यो तर आमच्या भातात बी असतोय की!" काका म्हणाले.

भातात असतो तो ह्याचा चुलतभाऊ. दिसायला बराचसा सारखा, पण अंगाने गोल, पोहणारा आणि साचलेल्या कोमट पाण्यातही तगणारा. परातीतला चपटा मात्र धावत्या, थंड पाण्यातल्या दगडाला चिकटूनच जगतो. पाण्यातला प्राणवायू घटला किंवा दगडावर गाळाचा थर बसला की सगळ्यांत आधी हाच नाहीसा होतो. हे दोन भाऊ वेगळे ओळखता आले की ओढ्याचे पाणी चांगले की वाईट, ह्याची निम्मी परीक्षा तिथेच झाली.

पाणी नुसते डोळ्यांनी बघून काही कळत नाही, हे आधीच सांगतो. जांबोटीच्या रानातले ओहोळ पावसाळा सरताना चहाच्या फिकट पाण्यासारखे तांबूस दिसतात. तो पाल्याचा रंग असतो आणि पाणी उत्तम असते. उलट गावामागचा एखादा नाला आरशासारखा नितळ असतो आणि त्यात डासाच्या अळ्यांखेरीज काही जगत नाही. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेले तर त्या एका क्षणाचा हिशेब मिळतो. रात्री कुणी काही सोडले आणि सकाळपर्यंत ते वाहून गेले, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. किडा मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहतो, त्यामुळे त्याच्या असण्या-नसण्यात मधल्या सगळ्या रात्री आलेल्या असतात.

कधी जायचे

आपल्याकडे सर्वांत चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पाऊस थांबलेला, पाणी उतरलेले, दगड दिसू लागलेले आणि पुराने वाहून गेलेले किडे परत वस्तीला आलेले असतात. दुसरी फेरी एप्रिलमध्ये करा. पाणी सर्वांत कमी आणि गरम असते तेव्हा दुखणे उघडे पडते.

पुरानंतर लगेच जाऊ नका. मी ही चूक केली आहे. एका ऑगस्टअखेरीस खानापूरच्या खाली मलप्रभेत उतरलो, वीस दगड उलटले, चार-पाच किडे मिळाले आणि नदी मेली असे चार लोकांना सांगूनही टाकले. डिसेंबरात त्याच जागी परात भरून गेली. पुराचा लोंढा दगडच गडगडवतो, मग किडे कुठले टिकणार? मोठ्या पुरानंतर निदान चार आठवडे थांबावे.

कुठे जायचे

एकच जागा बघून काही सिद्ध होत नाही. जोडी हवी: एक जागा शंका असलेल्या ठिकाणाच्या वर, एक खाली. मार्कंडेय ह्यासाठी फार सोयीची नदी आहे. खानापूर तालुक्यात बैलूरकडे उगम, मग राकसकोपचे धरण, पुढे कंग्राळी, काकती असे करत ती गोकाककडे घटप्रभेला मिळायला जाते. एका दिवसात दुचाकीवरून तिचे तीन-चार चेहरे बघून होतात. मलप्रभेची जोडी लावायची तर कणकुंबीच्या खाली एक जागा आणि खानापूर गाव ओलांडल्यावर दुसरी.

दोन्ही जागा शक्यतो एकसारख्या असाव्यात. वर खळाळता प्रवाह आणि खाली डोह अशी तुलना केली तर फरक प्रदूषणाचा नसून डोहाचा निघतो. ही चूक कॉलेजच्या प्रकल्पांत मी वारंवार पाहिली आहे.

एक इशारा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत किडा उचलायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते. बाहेर भरपूर ओढे आहेत, तिथून सुरुवात करा. धरणाखालच्या पात्रात उतरताना पाणी सोडणार आहेत का ते आधी गावात विचारा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे जाऊ नका आणि एकट्याने तर मुळीच नको. पायाला जखम असेल तर गमबूट घाला. जनावरे धुतात त्या पाण्यात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची भीती असते.

काय न्यायचे

महागडे काही नाही. खडेबाजारात फेरी मारली की सगळे मिळते:

पांढरी परात किंवा ट्रे. स्टीलची चालत नाही, चकाकीत किडा दिसत नाही. आइस्क्रीमचे पांढरे डबे उत्तम.
स्वयंपाकघरातली मोठी गाळणी, दांडा मजबूत असलेली.
रंगकामाचा मऊ ब्रश. चिमट्याने किडे चिरडतात, ब्रशच्या टोकाला चिकटून अलगद येतात.
दहापट मोठे दाखवणारे भिंग. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरले तर फोटोही निघतो.
साधा थर्मामीटर, दहा मीटर सुतळी, एक पिवळे लिंबू, वही आणि पेन्सिल. पेन नको, भिजले की अक्षर जाते.

जाळे करायचे असेल तर नायलॉनच्या पडद्याचे कापड हातभर रुंद-लांब घ्या आणि दोन बाजूंना बांबूच्या काठ्या शिवा. मच्छरदाणीचे कापडही चालते, पण त्यातून बारीक अळ्या निसटतात.

पाण्यात पाय घालण्याआधी

दहा मिनिटे काठावर उभे राहा. झाडी किती, सावली किती, कपडे धुण्याचे दगड किती, ऊस पाण्याला किती लागून आहे, कुठे पाइप येतो का, हे सगळे वहीत टिपा. पाण्यावर लांब पाय पसरून सरसर धावणारे किडे दिसतात का बघा. ते पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर उभे असतात आणि साबणाने तो ताण मोडतो. धुण्याच्या घाटाजवळ ते नसतील आणि पन्नास पावलांवर वर असतील, तर वहीत पहिली ओळ तीच लिहा.

प्रवाहाचा वेग काढायला सुतळीने दहा मीटर मोजा, लिंबू सोडा, सेकंद मोजा. वाऱ्याने पान भरकटते. लिंबू जवळजवळ सगळे पाण्यात बुडून वाहते, म्हणून लिंबू.

तापमान सावलीत घ्या. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, म्हणून आकडा आणखी थोडा खाली येतो. काठची झाडे तोडली की पाणी तापते आणि कुणी काही न सोडताही किड्यांचा श्वास कोंडतो. नाल्याचे 'सुशोभीकरण' करताना काठचे जांभूळ आणि करंज आधी साफ करतात, त्याचा हिशेब इथे लागतो.

किडे काढणे

नेहमी खालून वर जायचे, म्हणजे तुमच्या पायांनी गढूळ झालेले पाणी पुढच्या जागेवर येत नाही.

खळाळात, नारळाएवढा एक दगड निवडा. गाळणी दगडाच्या खालच्या बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून धरा. दगड उचलला की सुटलेले किडे गाळणीत येतात. दगड लगेच परातीत घ्या, ओढ्याचेच पाणी ओता आणि ब्रशने सगळ्या बाजू पुसा, विशेषतः खालची. मग दगड जिथून घेतला तिथे, त्याच बाजूने ठेवा. त्या खाचेत कुणाची तरी अंडी असतात. असे दहा दगड करा: तीन वेगवान पाण्यातले, चार मध्यम आणि तीन काठाजवळचे.

जाळे असेल तर एकाने जाळे तळाला टेकवून धरायचे आणि दुसऱ्याने त्याच्या वरच्या अंगाला मिनिटभर टाचेने तळ ढवळायचा. तीन जागी तीन मिनिटे. शेवटी काठची मुळे आणि पाण्यात अडकलेल्या कुजक्या पाल्याच्या ढिगाखालून गाळणी फिरवा. पाल्यात वेगळेच राज्य असते.

चिक्कोडी, अथणी, रायबाग ह्या बाजूला आलात की पंचाईत होते. काळी माती, संथ पाणी, दगड नाही. निपाणीजवळ वेदगंगा-दूधगंगेच्या काठी तर चिखलात पाय रुतायचा. तिथे कांद्याची जाळीची पिशवी कामाला येते. पिशवीत मुठीएवढे पंधरा-वीस दगड भरा, सुतळीने घट्ट बांधा आणि काठच्या झाडाच्या मुळाला अडकवून पाण्यात सोडा. चार आठवड्यांनी या. तोवर आसपासचे किडे त्या नव्या घरात राहायला आलेले असतात. बाहेर काढताना खाली गाळणी धरायला विसरू नका, निम्मे तिथेच गळतात. वरच्या आणि खालच्या दोन्ही जागी सारख्याच पिशव्या टाकल्या की तळ वेगळा असल्याचा घोळही मिटतो. म्हणूनच मला ही पद्धत दगड उलटण्यापेक्षा जास्त आवडते. एकच अडचण येते: पिशवी मासे पकडायचा सापळा समजून पोरे पळवतात. गावात दोघांना सांगून ठेवा.

परातीसमोर

आता घाई करू नका. परात सावलीत ठेवा आणि पाच मिनिटे नुसते बघा. आधी सगळे कचऱ्यासारखे दिसते, मग कचरा चालायला लागतो.

शेपट्यांपासून सुरुवात करा. पोटाच्या टोकाला तीन केसासारख्या शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले हलताना दिसले तर ते मेफ्लायचे पिल्लू. हा जन्माचा बराचसा भाग पाण्यातच काढतो. पंख फुटल्यावर त्याचे तोंड निकामी होते. काही खात नाही, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत संपतो. पावसाळ्याच्या तोंडाला दिव्याखाली शेपट्या वर करून बसलेले नाजूक पांढुरके जीव दिसतात, ते हेच. चपटे, दगडाला बिलगून खेकड्यासारखे आडवे सरकणारे असतील तर उत्तम. गोल अंगाचे, माशासारखे झटक्यात पोहणारे असतील तर ते राठ जातीचे. त्यांच्यावरून पाणी चांगले असे ठरवू नका.

दोनच शेपट्या, दणकट पाय, प्रत्येक पायाला दोन नखे आणि कल्ल्यांचे झुपके छातीखाली: हा स्टोनफ्लाय. ह्याला भरपूर प्राणवायू लागतो. पण इथे एक गोची आहे. मेफ्लायची एखादी शेपटी सहज तुटते आणि काही मेफ्लायना मुळातच दोन असतात. पहिल्या वर्षी मी वहीत अकरा स्टोनफ्लाय लिहिले होते. फोटो पुन्हा भिंगाखाली बघितले तेव्हा त्यांतले नऊ मेफ्लाय निघाले. शेपट्या मोजू नका, कल्ले कुठे आहेत ते बघा. आणि थंड देशांत स्टोनफ्लायच्या भरपूर जाती असतात, दक्षिण भारतात मात्र मोजक्याच. आपल्या ओढ्यात तो नाही म्हणून ओढा वाईट, असा निष्कर्ष काढू नका.

तीन पसरट, पानासारख्या शेपट्या असतील आणि पोटाच्या बाजूला कल्ले नसतील, तर ती टाचणी, म्हणजे सुईसारख्या बारीक चतुराचे पिल्लू. त्या शेपट्या हेच तिचे कल्ले. शेपट्याच नसतील आणि अंग जाड, गबाळे असेल तर चतुराचे पिल्लू, पोरे ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात त्याचे. ह्याला परातीत बाकीच्यांबरोबर ठेवू नका. हनुवटीखाली घडी करून ठेवलेला जबडा हातासारखा पुढे फेकतो आणि शेजाऱ्याला गट्ट करतो. मागून पाणी पिचकारीसारखे सोडून पुढे झेपावतो. हेही बघण्यासारखे.

मग येतात गवंडी. वाळूचे कण, पानांचे तुकडे किंवा बारीक काड्या रेशमाने चिकटवून केलेली नळी आणि तिच्यातून डोकावणारी अळी. ही कॅडिस. काही जाती घर बांधत नाहीत, दगडांच्या फटीत कोळ्यासारखे बारीक जाळे ताणतात आणि वाहून येणारे खाणे अडवतात. दगड उचलल्यावर त्याच्यावर चिकट, मळकट चिंधीसारखे काही दिसले तर ते पुसण्याआधी भिंगाने बघा. घरवाल्या कॅडिस भरपूर असतील तर ओढा बहुतेक ठीक असतो. नुसत्या जाळेवाल्याच गर्दी करून असतील तर पाण्यात तरंगते खाणे जास्त आहे, असे समजा.

दगडाच्या खालच्या बाजूला तांबड्या पैशासारखी गोल, चपटी टिकली चिकटलेली दिसेल. पुष्कळ जण ती कवच म्हणून सोडून देतात. उलटी करा, खाली सहा पाय आहेत. ती एका पाणभुंग्याची अळी आहे आणि स्वच्छ, धावत्या पाण्याची खूण आहे.

आता दुसरे टोक. रक्तासारखी लाल, वळवळणारी बारीक अळी. हिच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही ही तगते. दोन-चार सगळीकडे मिळतात, त्याला घाबरू नका. परात लाल झाली की मात्र काळजी. त्याच्याही खाली गेले की केसासारखे लालसर किडे झुपक्याने गाळात डोके खुपसून शेपट्या हलवताना दिसतात. फिशटँकवाले हेच ट्युबिफेक्स म्हणून विकतात. आणि लांब दोरीसारखी श्वासनळी पाण्यावर काढून ठेवणारी मळकट अळी दिसली तर पाण्यात प्राणवायू जवळपास नाही, ती बाहेरची हवा घेऊन जगते आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या ठिकाणी ह्याच मंडळींची अपेक्षा ठेवा आणि हात घालण्याआधी हातमोजे घाला.

खेकडा मिळाला तर पोटाखालचा पडदा हलकेच उचलून बघा. आपल्या घाटातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अंडी फुटून थेट बारीक खेकडेच बाहेर येतात आणि आई त्यांना काही काळ पोटाशी धरून हिंडते. अशी आई मिळाली तर तिला ताबडतोब सोडा. पावसाळ्यात बत्ती घेऊन खेकडे धरायला जाणाऱ्यांनाही हे एवढे सांगून बघा. बहुतेक जण ऐकतात.

शिंपले मिळाले तर टिपण करा, कारण त्यांची गोष्ट माशांशी बांधलेली आहे. शिंपल्याची पिल्ले काही काळ माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून वाढतात. गेळाची फळे कुटून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले जातात तिथे पुढच्या पिढीचे शिंपले वाढायला माशाचे अंग उरत नाही. वाळूत मोठे, जुने शिंपले आणि बारीक एकही नाही, असे दिसले तर मासेमारांशी बोला.

तळी, भाताची शेते आणि सडे

साचलेल्या पाण्याला ओढ्याचा नियम लावू नका. तिथे चपटा मेफ्लाय मिळणारच नाही आणि त्यात कुणाचा दोष नाही. तळ्यात गाळणी वनस्पतींच्या मुळांतून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, दहा वेळा. पाणविंचू, उलटे पोहणारे किडे, पाणभुंगे, टाचणीची पिल्ले, झाकणवाल्या गोगलगायी, अशी सरमिसळ मिळाली की तळे जिवंत. एखाद्या चपट्या पाणढेकणाच्या पाठीवर अंड्यांचे पोळे चिकटलेले दिसेल. तो नर आहे, मादी त्याच्या पाठीवर अंडी घालून मोकळी होते आणि तो ती वागवत फिरतो. तळ्यावर जलपर्णीची चादर पसरली असेल तर खाली उजेड आणि हवा दोन्ही संपतात. अशा ठिकाणी चादरीच्या कडेला आणि मधोमध असे दोन वेगळे नमुने घ्या.

येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या बासमतीच्या शिवारात पाणी उभे असते तो काळ म्हणजे खरी पाणथळ. पाय घालण्याआधी शेतकऱ्याला विचारा आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. त्यानंतरचे दोन आठवडे मोजणीला धरू नका. भाताच्या ताटावर चतुराची रिकामी कात चिकटलेली असते. ती गोळा केली की एकही जीव न दुखवता मोजणी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात शिवारावर पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांत जगभर फिरणारा एक चतुर असतो, जो भारतातून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो असे मानतात. साचलेल्या पावसाच्या पाण्यात त्याची पिल्ले महिना-दीड महिन्यात तयार होतात, डबके आटायच्या आत.

चोर्ल्याकडच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यांवर, जून-जुलैत खळगे भरतात. त्यांत पाठीवर पोहणारी, काचेसारखी पारदर्शक परी-कोळंबी मिळू शकते. तिची अंडी वाळलेल्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पाणी लागले की उबतात. हे खळगे सड्यावर गाड्या घालून बुजवू नका. बाकी इथे काही मोजायची गरज नाही, बघून या.

मोजणी

किडे ओळखता आले नाहीत तरी मोजता येतात. सगळे किडे एका डब्यात घ्या, हलवा आणि न निवडता एकेक उचलून ओळीत मांडा. प्रत्येक किडा आधीच्यासारखा आहे की वेगळा, एवढेच बघायचे. वेगळा आला की नवा गट. गटांची संख्या भागिले किड्यांची संख्या. समजा ओळ अशी आली: मेफ्लाय, मेफ्लाय, कॅडिस, मेफ्लाय, चतुर, चतुर, मेफ्लाय, लाल अळी, कॅडिस, कॅडिस. गट सात, किडे दहा, उत्तर ०.७. आणि सहा लाल अळ्या, एक जळू, मग तीन लाल अळ्या आल्या तर गट तीन, उत्तर ०.३. प्रत्यक्षात निदान शंभर किडे घ्या. आकडा एकाच्या जितका जवळ तितकी वस्ती मिश्र. चौथीतली मुले हे बिनचूक करतात. मोठी माणसे मध्येच नाव शोधायला लागतात आणि ओळ विसरतात.

ओळख पक्की झाली की गुण द्या. ब्रिटनमध्ये ठरलेल्या तक्त्यात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण आहेत: चपटा मेफ्लाय आणि मोठा स्टोनफ्लाय १०, वाळूत पुरून बसणारा चतुर ८, टाचणी ६, जाळेवाली कॅडिस ५, पोहणारा गोल मेफ्लाय ४, जळू आणि डबक्यातल्या पातळ शंखाच्या गोगलगायी ३, लाल अळ्यांचे कुळ २, गांडुळासारखे किडे १. एक किडा असो की शंभर, कुळाला गुण एकदाच. बेरजेला कुळांच्या संख्येने भागा. वरच्या ओढ्यात चपटा मेफ्लाय, स्टोनफ्लाय, चतुर, जाळेवाली कॅडिस, गोल मेफ्लाय आणि लाल अळ्या मिळाल्या तर ३९ भागिले ६, म्हणजे साडेसहा. खाली गोल मेफ्लाय, जाळेवाली कॅडिस, जळू, गोगलगाय, लाल अळ्या आणि गांडुळासारखे किडे असतील तर १८ भागिले ६, म्हणजे ३.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे दोन्ही आकडे, मिश्रपणाचा आणि गुणांचा, एकत्र करून पाण्याचे पाच वर्ग केले आहेत, निळ्यापासून लालपर्यंत. पण मूळ गुण थंड देशातल्या ओढ्यांवर बेतलेले आहेत, म्हणून तुमच्या साडेसहाचा डंका पिटू नका. वरच्या आणि खालच्या जागेतले अंतर आणि यंदाच्या व पुढच्या वर्षातले अंतर, ह्यांवरच बोला.

फसायच्या जागा

धरणाच्या लगेच खाली जाळेवाल्या कॅडिस आणि शेपटीने दगडाला चिकटून पाण्यात पंखे पसरणाऱ्या अळ्या प्रचंड मिळतात, कारण धरणातून बारीक शेवाळाचे खाणे सतत येते. ते सांडपाणी नव्हे. एप्रिलमध्ये आटत चाललेल्या डोहात सगळे किडे दाटीने गोळा होतात आणि आकडा फसवा वाढतो. अचानक सगळेच नाहीसे झाले, लाल अळ्यासुद्धा, तर तो मैल्याचा परिणाम नसतो. मैल्यात काही तरी जगतेच. तिथे विषारी रसायन किंवा कीटकनाशकाचा संशय घ्या आणि लगेच वर चालत जा. ऊस गाळपाच्या हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, दर महिन्याला एक फेरी ठेवा, कारण मळीसारखे गोड पाणी ओढ्यात आले की जंतू प्राणवायू खाऊन टाकतात आणि चपटे मेफ्लाय आठवड्याभरात जातात.

वहीत दर वेळी तारीख, जागा, लिंबाचे सेकंद, तापमान, दोन्ही आकडे आणि परातीचा एक फोटो. कळसा-भांडुरा ह्या म्हादईच्या खोऱ्यातल्या नाल्यांच्या पाण्यावर कर्नाटक आणि गोव्यात इतकी वर्षे भांडण चालले आहे. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात त्या दोन नाल्यांतून मलप्रभेकडे वळवायला ३.९ टीएमसीचा आकडा आला. पण पाणी वळवण्याआधी तिथल्या दगडाखाली काय होते, हे नंतर कुणी विचारले तर गावच्या वहीत उत्तर असावे. वही ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवा, घरी नको. घरची वही माळ्यावर जाते.

शेवटचे काम साधने धुण्याचे, आणि खानापूर तालुक्यात ते टाळता येत नाही. कणकुंबीच्या डोंगरावर पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, कळसा पश्चिमेला म्हादईकडे. सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला उतरलात तर ओल्या गाळणीतून, गमबुटाच्या खाचेतून एका खोऱ्यातले जीव दुसऱ्यात जातात. एका दिवसात एकच खोरे करा. गाळणी, जाळे, कांद्याच्या पिशव्या कडक पाण्याने धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळत घाला, मगच पुढच्या फेरीला काढा.